सैल तारा

कारागीर: ...आणि आवाज कधी झाला म्हणालात?

सून: पहाटे. फाटकन! मला वाटलं, कपाटच पडलं. जाऊन बघते तर ही पट्टी उखडून तारांना लोंबकळत होती. काका, शुक्रवारच्या आत होईल ना? सासूबाई नणंदेकडे गेल्यात, शुक्रवारी परत येतात. गिटार त्यांची आहे. त्यांना कळता कामा नये.

कारागीर: अहो, पेशंटला आधी टेबलावर तर घेऊ द्या. पट्टी नाही म्हणायचं हिला, ब्रिज. तारा कोणी लावल्या या?

सून: मीच. व्हिडिओ बघून.

कारागीर: स्टीलच्या?

सून: दुकानदाराने दिल्या त्या. मी म्हटलं, गिटारच्या तारा द्या.

कारागीर: आणि मग फोनवर सूर जुळवायचं अ‍ॅप लावून, हिरवा दिवा लागेपर्यंत खुंट्या पिळल्या.

सून: तुम्हाला कसं कळलं?

कारागीर: तुमच्यासारख्यांवर तर माझं दुकान चालतं. पण असली गिटार घेऊन सहसा कोणी येत नाही. कुठे मिळाली ही?

सून: घरातच होती. लहान मुलांची आहे हो. मुलीला क्लास लावायचाय, सात वर्षांची आहे. आमचे हे म्हणाले, आईच्या कपाटावर एक छोटी गिटार पडून आहे, तिच्याच मापाची, नवी कशाला घेतेस?

कारागीर: लहान मुलांची! ताई, बुटका माणूस दिसला की त्याला बालवाडीत घालता का तुम्ही?

सून: म्हणजे?

कारागीर: या इकडे. मुलांच्या गिटारीत सगळंच आखूड असतं, मानसुद्धा. हिची मान बघा, मोठ्या माणसाच्या हाताची आहे. फक्त अंग लहान. आणि मान अंगाला मिळते कुठे? बाराव्या पडद्याशी, म्हणजे या बाराव्या पितळी कांडीशी. हल्लीच्या बहुतेक गिटारींत चौदाव्याशी मिळते. डोक्यात या दोन खाचा आरपार, कंबर ही एवढीशी. एका खोलीत, चार माणसांत वाजवायला केलेली आहे ही. पुढे सभागृहं मोठी झाली, तशा गिटारीही अंगाने सुटल्या.

सून: जुनी आहे म्हणजे?

कारागीर: हा आरसा धरा. घाबरू नका, दातांच्या डॉक्टरचाच आहे, पण धुतलाय. आत घाला, असा तिरपा. मी बॅटरी मारतो. वरच्या फळीच्या पोटाला काय दिसतंय?

सून: पट्ट्या आहेत. आडव्या. शिडीसारख्या.

कारागीर: शाबास! आता भिंतीवरच्या त्या मोठ्या गिटारीत बघा. तिथे फुली दिसेल. फुली स्टीलचा ताण सोसते. ही नाजूक शिडी नाही सोसत. हिच्यावर पूर्वी आतड्याच्या तारा असायच्या, आता नायलॉनच्या चालतात. तुम्ही म्हातारीच्या डोक्यावर सिमेंटची गोणी दिलीत, ताई.

सून: बोला, बोला. पहाटेपासून मी स्वतःला तेच बोलतेय. दोन दिवस ती किती छान दिसत होती! मी पुसली, नव्या तारा घातल्या. मला वाटलं, त्या येतील आणि नात गिटार घेऊन बसलेली बघून खूश होतील.

कारागीर: पुसली कशाने?

सून: ओल्या फडक्याने. फक्त पाण्याने, खरंच.

कारागीर: नशीब. लोक फर्निचरचं पॉलिश चोपडतात. ही वरची फळी बघा, मधासारखा रंग आलाय. हा बाटलीतून येत नाही, वयाने येतो. पाठ शिसवीची. जरा नाक न्या भोकाशी. न्या हो, लाजायचं काय त्यात?

सून: जुन्या पेटीसारखा वास येतोय.

कारागीर: शंभरीच्या आसपास असेल. कुठे नाव नाही, शिक्का नाही. ज्याने केली त्याला मिरवायचं नव्हतं. मूर्ती लहान, पण कीर्ती... असू दे. मी असल्या छोट्या गिटारींवर जरा जास्तच बोलतो. बायको म्हणते, माणसांशी एवढं बोलला असतात तर चार मित्र असते.

सून: काका, काम होईल ना पण?

कारागीर: होईल. ब्रिज बऱ्यापैकी स्वच्छ सुटलाय, वरच्या फळीचे थोडे रेषे उचकटलेत. ते बसवीन, सरस लावीन, शिकंज्यात ठेवीन. गुरुवारी संध्याकाळी घेऊन जा. डाग शोधून सापडणार नाही.

सून: आणि त्यांना कळणार नाही?

कारागीर: माझ्या कामातून तरी नाही. पण पूर्वीच्याच तारा लागतील. टाकल्या नाहीत ना?

सून: नाही, पिशवीतच आहेत. या घ्या. पण त्यांत काही राम नव्हता हो. नुसत्या लोंबत होत्या. म्हणून तर मला वाटलं, वर्षानुवर्षं कोणी हात लावला नसेल.

कारागीर: सगळ्या सारख्याच लोंबत होत्या?

सून: हो. सगळ्या.

कारागीर: हं.

सून: हं काय?

कारागीर: आपोआप उतरलेल्या तारा सारख्या उतरत नाहीत. एक जास्त, एक कमी. या कोणीतरी सैल करून ठेवल्या होत्या. वाजवून झालं की खुंट्या थोड्या उलट्या फिरवायच्या, म्हणजे जुन्या लाकडाला रात्रभर विसावा. फार जपणारी माणसं करतात असं. आणि तारा जुन्या नाहीत या. यंदाच घेतलेल्या असणार.

सून: छे. घेणार कोण?

कारागीर: कपाटावर चढून तारा बदलणारी मांजर पाळलीय का? हे पडदे बघा. खालचे काळे पडलेत. वरचे चार चकचकीत. रोज बोटं फिरल्याशिवाय पितळ असं राहत नाही. आणि इथे, भोकाच्या खाली, ही झिजलेली जागा. करंगळी टेकवायची सवय आहे बाईंना.

सून: पण मी दिवसभर घरात असते, काका! माझं काम घरूनच चालतं. भिंतीपलीकडे त्यांची खोली. मला एकदाही ऐकू आलं नाही.

कारागीर: तारांखाली काही खुपसलेलं होतं का? ब्रिजजवळ? कापडबिपड?

सून: कापड नव्हतं. एक मोजा होता. माझ्या मुलीचा, तान्हेपणीचा, लोकरी. मला वाटलं, कुठून तरी पडून अडकला असेल.

कारागीर: घडी केलेला होता?

सून: ...हो.

कारागीर: मग तोच. तारांखाली असं काही दाबलं की आवाज मरतो. नुसतं टुक टुक होतं. वाजवणाऱ्याला कळतं, बाकी कोणाला नाही. हॉस्टेलवरची पोरं करतात असं, वॉर्डनच्या भीतीने.

सून: वॉर्डनच्या भीतीने...

कारागीर: ताई? मी काही भलतं बोललो का?

सून: वॉर्डन मीच आहे, काका.

कारागीर: अहो, मी आपलं सहज...

सून: मागे एकदा सासूबाई स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. माझी मीटिंग चालू होती. मी माइक बंद केला आणि म्हटलं, "आई, प्लीज! इथे लोक काम करतायत." एकदाच म्हटलं हो. पण कसं म्हटलं ते मला माहीत आहे. त्या "बरं बरं" म्हणाल्या. मग माझ्या मीटिंगच्या वेळी मिक्सर लावेनाशा झाल्या. फोन आला तर बाल्कनीत जायच्या, दार ओढून घ्यायच्या. आणि मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, आमच्या सासूबाई किती समजूतदार आहेत!

कारागीर: घरोघरी मातीच्या चुली, ताई.

सून: नका हो समजूत घालू. त्या भिंतीपलीकडे मोजा दाबून वाजवत होत्या. आणि मी तोसुद्धा कचऱ्यात टाकला. काका, एक सांगा. मोजा नसता तर? हिचा पूर्ण आवाज केवढा असतो?

कारागीर: खरं सांगू?

सून: सांगा.

कारागीर: खोलीपुरता. दार लावलं की बाहेर उभ्या माणसाला वाटेल, कोणीतरी हळू बोलतंय. मोज्याची काही गरजच नव्हती. पाणी देऊ का? बसा त्या स्टुलावर. सांभाळून, एक पाय हलतो. दुनियेची लाकडं जोडतो, तेवढा एक पाय राहून गेलाय. हे बघा, गुरुवारी न्या, शुक्रवारी कपाटावर ठेवा. तारा मी सैलच करून देतो. घरात दुसरा एखादा मोजा असेलच. या कानाचं त्या कानाला कळणार नाही.

सून: दुसरा मोजा मी तिथे माझ्या हाताने ठेवू?

कारागीर: तेही खरंच.

सून: फोन लावते त्यांना. आत्ताच. घरी गेले तर नाही व्हायचं माझ्याने. स्पीकरवर टाकते, काही तांत्रिक विचारलं तर तुम्ही सांगा.

(फोनची घंटा बराच वेळ वाजते.)

सासूबाई: हॅलो? काय गं, या वेळी कसा फोन? सगळं ठीक ना?

सून: ठीक आहे, आई. आई, तुमची गिटार मोडली माझ्या हातून. मी स्टीलच्या तारा लावल्या. पहाटे ब्रिज उखडला.

सासूबाई: अगं बाई. पोरीच्या डोळ्याबिळ्याला लागलं नाही ना?

सून: नाही. ती झोपली होती.

सासूबाई: मग झालं तर. लाकूडच ते. त्या गिटारचं वयही झालं होतं, गं.

सून: दुरुस्त होतेय. इथे दुकानातच आहे मी. आई, तारांखालचा मोजाही टाकला मी. मला माहीत नव्हतं.

सासूबाई: तो होय? तो... तो असाच होता. धूळ बसू नये म्हणून.

सून: आई, हे काका म्हणतात, मोजा नसला तरी आवाज दाराबाहेर जात नाही. ऐकताय ना?

सासूबाई: ऐकतेय, गं. पण अकरा वाजत आले. तुझी मीटिंग असेल ना आता? ठेवते मी.