साडेसातचे रणदिवे

मंडळी, ऐका! चंद्र-सूर्य ढळतील, सागर आटेल, पण सत्य — सत्य कधी लपून राहत नाही! संध्याकाळी साडेसातला ते बाहेर येतंच. मध्ये दोनदा साबणाची जाहिरात लागते, तेवढी सोसायची.

तर आजचा प्रश्न. आपलं माणूस आपण ओळखतो, ते कशावरून? तोंडावरून? आवाजावरून? सांगा! — सगळे एकमेकांकडे बघताहेत. बघून घ्या नीट.

ठाण्याला भालचंद्र उकिडवे नावाचे गृहस्थ. ‘रणदिवे तपास करतात’ या मालिकेत एकोणीस वर्षं इन्स्पेक्टर रणदिवे! नऊशे खून उलगडले. घरी स्वतःचा चष्मा सापडत नसे, तो भाग निराळा. तो शोधून द्यायच्या त्यांच्या पत्नी, कुमुदताई.

या कुमुदताईंना विसराळूपणाचा आजार जडला. आधी गॅस विसरल्या, मग लेकीचं नाव, मग गाव. नवरा मात्र ओळखायच्या! कसा? रोज साडेसातला टीव्हीत दिसायचा ना! पडद्यावर बोट ठेवायच्या, मग शेजारच्या खुर्चीकडे बघायच्या — “अगंबाई, तुम्हीच की हे!” एवढ्यावर संसार तगून होता.

आणि वाहिनीला तरुण चेहरे हवेसे झाले! एका आठवड्यात जुने पाचही कलाकार बाहेर. इन्स्पेक्टर, डॉक्टर, हवालदार — सगळे नवे. नाव तेच, वर्दी तीच, रणदिवे मात्र पस्तिशीचा, दंड फुगवलेला! लोकांनी दोन दिवस शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी बघायला बसले. तुम्हीसुद्धा!

कुमुदताईंनी पडद्यावर बोट ठेवलं — “हे आले.” मग खुर्चीकडे पाहिलं. “तुम्ही कोण? घरात कसे शिरलात?”

“कुमुद, अगं... मी. भालचंद्र.”

“ह्यांना कळलं ना, बेड्या घालतील तुम्हाला!”

हसा, मंडळी, हसा. तो माणूस महिनाभर स्वतः रांधलेलं स्वयंपाकघरात उभ्यानं जेवत होता. समोर आला की त्या किंचाळायच्या! जुने भाग लावून पाहिले, तर म्हणायच्या, “ह्यातला खुनी सापडलाय. बदला.”

शेवटी उकिडवे स्टुडिओत गेले. दिग्दर्शकाला म्हणाले, “एक दृश्य द्या. माझं तोंड दिसू दे, बस्स. घरी एकीला दाखवायचंय.”

“काका, उभं राहायचं काही नाही. आडवं पडायचं आहे. प्रेत.”

“तोंड दिसेल?”

“अगदी जवळून!”

पडले! नव्या रणदिव्यानं नाडी पाहिली, “खूनच आहे,” म्हणाला. आता, त्या धंद्यात एक रीत आहे — खोटं मेलेल्यानं शेवटी उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो. उकिडवे असे हसले, असे हसले — जणू कुमुदताईच समोर! एकोणीस वर्षं तपास केलेल्या माणसाला एवढं सुचू नये? ते हसणं दाखवत नाहीत हो! कापून टाकतात!

मंगळवार. साडेसात. पडद्यावरची पांढरी चादर बाजूला झाली. कुमुदताई वाकल्या. बोट ठेवलं. आणि ओळखलं! महिन्याभरानं ओळखलं! “अहो —” एवढंच. मग पदरानं कुंकू पुसलं. बांगड्या उतरवून टीपॉयवर ठेवल्या, एकेक.

“कुमुद, मी इथं आहे! जिवंत आहे मी!”

त्यांनी पाहिलं. आज किंचाळल्या नाहीत. समाचाराला आलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, “बसा भाऊ. ह्यांच्या ओळखीतले का?”

काय उत्तर द्यावं त्यांनी? — सांगा ना!

“हो,” म्हणाले. “थोडीफार ओळख होती.”

“फार चांगले होते हो.”

“...असतील.”

तेव्हापासून समोरासमोर बसून जेवतात दोघं. त्या नवऱ्याच्या आठवणी सांगतात. हे ऐकतात. मान डोलावतात.

कुमुदताई आजारी आहेत, मंडळी. आपण? आपण धडधाकट! आणि एका खोलीत चौघं, चौघांची तोंडं पडद्याकडे! मालिकेतल्या सुनेनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती, ते पाठ. घरातली सून गेले आठ दिवस का रडतेय, ते ठाऊक नाही! त्या विसरल्या. आपण तर बघणंच सोडलं! मेल्यावर चादर बाजूला करून ओळखणार आहात का आपलं माणूस? विचारा स्वतःला!

...खांबाजवळचे काका, तो पंखा तेवढा बंद करा. देवापुढचं निरांजन विझतंय.