जोडायला शून्य

अहो, ऐका तर! नातीला गृहपाठात 'जोडणे'चे समानार्थी शब्द विचारले होते. मी चौथी नापास, तरी धडाधड सांगितले: चिकटवणे, जुंपणे, टाचणे, गुंफणे. बाईंनी चारही खोडले. पोरगी रडत म्हणाली, "आजोबा, आता तुम्हाला कध्धी विचारणार नाही!"

माझं टाळकंच सरकलं. तडक शाळेत गेलो.

बाई म्हणाल्या, "आजोबा, गाइडमध्ये फक्त 'सांधणे' आणि 'जुळवणे' आहे."

"मग बैल काय गाडीला सांधायचे? बरं, 'तोडणे'ला काय दिलंय?"

बाई वाचू लागल्या, "मोडणे, फोडणे, खुडणे, छाटणे, उपटणे..."

"पुरे! तोडायला एवढे शब्द चालतात, आणि माझ्या पोरीनं जोडायचे चार लिहिले तर शून्य?"

बाईंनी गाइड मिटून लाल पेन उचललं. मग हळूच म्हणाल्या, "वही आणलीय का हो?"