कोरड्या जमिनीवरची बुडी

(जेजू बेट. दम धरून समुद्रतळाचे शिंपले काढणाऱ्या पाणबुड्या बायकांची, पाण्यातून आल्यावर शेकायची खोली. दुपार. तिघीच आहेत : बोक-सिल, तिची सोलहून आलेली सून सोरा, आणि बोक-सिलबरोबर चाळीस वर्षं बुड्या मारलेली माल-सून. सोराच्या हातात डोक्याला बसवायचा व्हीआर चष्मा आहे.)

बोक-सिल : ...आणि हे डोक्याला अडकवलं की माणूस आंधळा होतो, ते नाही सांगितलंस.

सोरा : आंधळा नाही हो आई. बाहेरचं दिसत नाही, एवढंच. आतलं दिसतं.

बोक-सिल : आतलं म्हणजे कुणाच्या आतलं?

माल-सून : लावून बघ की अक्का! सून विमानातून एवढं मांडीवर घेऊन आली. नवं मूल आणावं तसं.

बोक-सिल : ती कशाला आलीय ते कळतंय मला. बुड्या बंद करा म्हणणाऱ्या त्या डॉक्टरने फोन केला असणार.

सोरा : डॉक्टरांनी नाही. मावशींनी केला.

बोक-सिल : माल-सून!

माल-सून : केला. लपवू कशाला? सोमवारी हंगाम उघडतोय आणि तू गुपचूप पोशाखाला ठिगळं लावून ठेवलीस. मागच्या थंडीत पाण्यातच भोवळ आली, तेव्हा मानेला धरून काठावर कुणी आणलं तुला?

बोक-सिल : एकदा आली भोवळ. चौऱ्याहत्तर वर्षांत एकदा.

माल-सून : पाण्यात एकदाच येते गं, दुसऱ्यांदा यायला बाई उरत नाही.

सोरा : आई, मी भांडायला नाही आले. मला तुमची मदत हवीय. मंगळवारी आमच्या कंपनीची बैठक आहे. तीन वर्षं खपून आम्ही हा समुद्र बनवला. इथलाच, तुमचाच. मावशींनी दोन महिने कॅमेरे घेऊन बुड्या मारल्या.

बोक-सिल : हो, आणि दोन महिने गावभर मिरवली.

सोरा : आता साहेब म्हणतात, बंद करा. लोक असलं काही घेणार नाहीत. घेतात, आठ दिवस पाहुण्यांना दाखवतात, मग कपाटात जातं.

बोक-सिल : शहाणा आहे तुझा साहेब. अगं, दाराबाहेर एवढा समुद्र पसरलाय. डब्यात वाकून कोण बघेल?

सोरा : सोलमध्ये दाराबाहेर गाड्या असतात, आई.

माल-सून : दे गं, मीच बसवते तिच्या डोक्यावर. हलू नकोस अक्का. केस अडकतील.

बोक-सिल : आवळ जरा. सैल मुखवट्यात पाणी शिरतं.

माल-सून : पाणी कुठलं शिरतंय, वेडे!

बोक-सिल : अंधार आहे. सांगितलं ना मी, आंधळं... अगं!

सोरा : दिसलं?

बोक-सिल : माल-सून, आपण होडीवर आहोत.

माल-सून : तू स्टुलावर आहेस.

बोक-सिल : तो आपला डोंगर. ढग बघ कसा बसलाय त्याच्यावर, वारा फिरणार आहे. सोरा, हा कुठला दिवस आहे?

सोरा : ऑक्टोबरातला. सकाळचा.

बोक-सिल : बाई गं. गेलेला दिवस अख्खा उचलून आणलात?

सोरा : आता खाली बघा. मान वाकवली की बुडी सुरू होते. हळू, आई, मी धरलंय तुम्हाला.

बोक-सिल : हो. थांब.

माल-सून : काय दिसतंय गं? ...अक्का? काय दिसतंय ते सांग की. मला ताटकळत ठेवून गप्प काय बसलीस?

सोरा : बोलत नाहीयेत. मावशी, त्यांचे गाल बघा.

माल-सून : श्वास घेत नाहीये ती.

सोरा : म्हणजे?

माल-सून : म्हणजे दम धरलाय तिने. पाण्यात गेलीय ती.

सोरा : आई! आई, इथे हवा आहे, श्वास घ्या! मी काढते ते...

माल-सून : हात लावू नकोस! खाली गेलेल्या बाईला असं ओढायचं नसतं. एकोणतीस, तीस, एकतीस...

सोरा : तुम्ही मोजताय?

माल-सून : चाळीस वर्षं तिचा दम मोजतेय मी आणि ती माझा. बघ, हात कसा चाललाय. शेवाळ बाजूला करतेय. छत्तीस. पाय बघ, स्टुलावर बसून पाय मारतेय बाई.

सोरा : मला भीती वाटतेय.

माल-सून : मलाही. गप्प राहा. एक्केचाळीस... बेचाळीस... त्रेचाळीस...

बोक-सिल : हूऽऽऽ ईऽऽऽ!

माल-सून : आली वर! ऐकलीस ती शीळ? पाण्याबाहेर आल्यावरच निघते ती. उगाच काढू म्हटलं तर निघत नाही. कोरड्या जमिनीवर ऐकली नव्हती मी आजवर.

सोरा : काढते हं मी हे. चहा घ्या. डोळे पुसा.

बोक-सिल : समुद्राचं पाणी आहे ते.

सोरा : आई, सोलमध्ये दोनशे लोकांनी हेच बघितलं. वा वा म्हणाले, किंचाळले, काही पडलेसुद्धा. पण श्वास कुणी रोखला नाही.

बोक-सिल : त्यांच्या अंगाला काय माहीत? माझं डोकं म्हणत होतं, शेगडीची ऊब लागतेय पायांना, तू खोलीत आहेस. अंग ऐकेना. काय केलंत गं पोरींनो तुम्ही हे! हे देवाच्या हातचं काम आहे. त्याला विचारलंत तरी का?

माल-सून : तुझ्या साहेबाला एवढंच सांग. एका म्हातारीने घरात बसून दम धरला.

सोरा : म्हणजे लोक घेतील, आई?

बोक-सिल : घेतील. आज नाही घेतलं तर तुझी पोरं घेतील. मला त्याची काळजी नाही. पण एकट्याला देऊ नकोस. आम्ही कधी एकटीने उतरत नाही पाण्यात. वर बसून मोजणारं कुणीतरी लागतं.

सोरा : लिहिते मी हे. असंच लिहिते.

बोक-सिल : माल-सून.

माल-सून : काय?

बोक-सिल : किती झाले?

माल-सून : राहू दे ना. चहा घे.

बोक-सिल : किती झाले, विचारतेय.

माल-सून : चव्वेचाळीस.

बोक-सिल : खोटं.

माल-सून : तुझ्याशी कधी खोटं मोजलंय?

सोरा : चव्वेचाळीस म्हणजे कमी का?

माल-सून : हिचा दम एकशे दहाचा होता. गावात पहिला.

बोक-सिल : आणि मी तळालाच होते, माल-सून. वर यायला निघालेही नव्हते. छाती फुटली म्हणून तोंड उघडलं. खरं पाणी असतं तर...

माल-सून : नव्हतं ना. बस झालं.

सोरा : आई, थंड होतोय चहा.

बोक-सिल : तो पोशाख यंदा पाण्यात उतरणाऱ्या सो-ग्वीच्या सुनेला दे. तिच्या अंगाला होईल. कंबरेत जरा सैल पडेल.

माल-सून : आणि सोमवारी?

बोक-सिल : सोमवारी मी काठावर बसेन. मोजायला.

माल-सून : अक्का...

बोक-सिल : रडू नकोस, ऐक. दोन जुळ्या खडकांच्या मागे गेलीस की उताणी हो आणि वर बघ. छतासारखा दगड आहे, त्याच्या पोटाला हात लाव. सगळ्यात मोठे शिंपले तिथे चिकटलेले असतात.

माल-सून : तिथे? चाळीस वर्षं तिथून जातेय मी. मला कधी दिसले नाहीत.

बोक-सिल : दिसू नयेत म्हणून मी रोज तुझ्या आधी बुडी मारून ते काढायचे.