साहेबांची नागपुरी संत्री

अहो, हांजी हांजी करणारे बघायचे तर आमच्या मानक नगर रेल्वे कॉलनीतले गच्चीवरचे बागवान बघा! लिंबू-मोसंबी लावणारे आम्ही सगळे दर हिवाळ्यात जमतो आणि आपापली फळं वाटतो. एकदा आमच्या मोठ्या साहेबांनी टोपलीभर संत्री आणली. "खास नागपूरहून कलम आणलं होतं!"

मी एक फोड खाल्ली आणि दात आंबले. त्यांचं झाड मी पाहिलं होतं. वरचं संत्र्याचं कलम कधीच वाळलेलं, आणि साहेब खालच्या रानटी लिंबाच्या खुंटाला फुटलेल्या फांद्यांना कौतुकानं खत घालत होते. मी तसं सांगितलंही.

"तुम्ही सिग्नलवाले," साहेब म्हणाले, "तुम्हाला झाडातलं काय कळतं?"

शेजारचे मिश्राजी कसाबसा घास गिळून म्हणाले, "वाह सर, क्या मिठास है! एक डाल हमें भी दीजिए."

मग काय, सगळ्यांनीच फांद्या नेऊन कुंड्यांत लावल्या.

यंदा साहेब रिटायर झाले. फेअरवेलला यच्चयावत मंडळींचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली, तर गेटपाशी तीच झाडं कुंड्यांसकट ओळीनं उभी. सगळ्यात पुढे मिश्राजींचं.