सगळं कळलं, पण अंश किती?

...निघत नाहीये चाक! अहो, नाही निघत! किती जणांना सांगणार ती? तुम्हाला सांगतो, कोपरच्या कृतिका गायकरने ती लाल, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार घेतली ना, तेव्हापासून कल्याण-शीळ रोडवर एकाही रिक्षावाल्याने तिला गपचूप जाऊ दिलेलं नाही. "ओ ताई! मागचं चाक बघा! निघतंय! साइडला घ्या!" ही काच खाली करून सांगणार, "दादा, ते तसंच असतं." तो म्हणणार, "तसंच कसं असतं? माझी तीन चाकं आहेत, तिन्ही सरळ आहेत!" काय बोलणार आता याच्यावर?

गाडी सेकंडहँड. ठाण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली. त्या गृहस्थाने स्प्रिंगा बदलून तिला एवढी खाली आणलेली की बोनेटवरून मांजर जमिनीवर पाऊल टाकून उतरायचं, उडी मारायची गरजच नाही! आणि गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात. त्या झुकण्याला म्हणतात कॅम्बर. चाक ताठ उभं असेल तर शून्य अंश, वरून आत झुकलं तर मायनस. झालं, एवढंच शास्त्र. पण तुम्हाला सांगतो, या एवढ्याशा शास्त्राने त्या पोरीची झोप उडवली!

कारण झालं काय, एका शनिवारी ती वडलांना, म्हणजे शिवराम गायकरांना, शेजारी बसवून निघाली. शीळफाट्याच्या थोडं अलीकडे मागचा टायर फाट्‌कन फुटला! गाडी डगमगली, हिने कशीबशी कडेला घेतली. उतरून बघतात तर टायर बाहेरून नवाकोरा, नक्षीसुद्धा शाबूत, आणि आतली कड झिजून झिजून तारा बाहेर! चाक झुकलेलं, सगळा भार आतल्या कडेवर, दुसरं काय होणार? शिवराम म्हणजे उभा जन्म डंपर चालवलेला माणूस, आवाज असा की कोपरला शिंकला तर डोंबिवली स्टेशनात लोक वळून बघतील. पण त्या दिवशी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं! नुसता टायरच्या आतून हात फिरवला, बोटाला तार लागली, आणि हळूच म्हणाला, "बाय, असल्या गाडीत तू रोज ठाण्याला जातेस?"

घरी आल्यावर निकाल. "तीन आठवड्यांनी तुझी ती शर्यत आहे ना? जा. तोवर नवे टायर घाल, चाकं नीट कर. शर्यत झाली की मी टायर बघणार. आतून झिजलेला दिसला, की गाडी विकायची. परत विषय नाही."

आता शर्यत म्हणजे काय, तर ठाण्याजवळच्या मोकळ्या मैदानात डांबरावर प्लॅस्टिकचे शंकू मांडतात, त्यांच्यामधून एकेकाने गाडी न्यायची, घड्याळ लावून. गेल्या वेळी कृतिकाची गाडी तिसऱ्या वळणाला गरागरा फिरली आणि सात शंकू आडवे! माइकवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, थोडे पुढच्यांसाठी पण ठेवा!" सगळं मैदान हसलं. हीपण हसली, हेल्मेटच्या आत काय चाललेलं ते कोणाला दिसतंय? अहो, ही पोरगी आठवडाभर ठाण्याच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या टॉवरचे ड्रेनेजचे पाइप कम्प्युटरवर काढते. एवढी एक गोष्ट तिची स्वतःची!

आणि गंमत बघा, वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा आत झुकलेलं चाक सपाट बसतं, रस्ता घट्ट धरतं. म्हणजे शर्यतीला झुकाव पाहिजे! आणि सरळ रस्त्यावर तोच झुकाव टायर खातो. म्हणजे बाबांना झुकाव नको! सगळं कळलं हो, पण अंश किती?

विचारलं तिने. कोणाला नाही विचारलं? आधी चुलतभाऊ नयन. याच्या स्वतःच्या गाडीची चाकं अशी फाकलेली की उन्हाने पाघळल्यासारखी दिसते. तो म्हणतो, "ताई, मायनस सहा! डोळे झाकून मायनस सहा! गाडी कशी बसलेली दिसली पाहिजे!"

"अरे, पण टायर?"

"टायर काय, जातातच! लूक बघ ना, लूक!"

मग मानपाड्याचा सूरज, चाकांचे कोन लावून देणारा अलाइनमेंटवाला. सज्जन माणूस, पण त्याचा सगळा जीव त्या मशीनच्या स्क्रीनमध्ये. आकडा कंपनीच्या मापात असला की स्क्रीन हिरवी, नसला की लाल. आणि कृतिकाची गाडी चढली की लालेलाल! सूरज कपाळाला हात लावतो. "मॅडम, मी शून्याजवळ आणतो, हिरवं करून देतो, ऐका माझं. लाल स्क्रीन बघितली की मला जेवण जात नाही हो." तिने एकदा ऐकलं. हिरवं केलं. टायर खूश, बाबा खूश, आणि गाडी वळणावर अशी घसरायला लागली की जणू काँक्रीटवर कोणी साबण लावलाय! मग झुकाव परत होता तसा करून घेतला.

मग इंटरनेट. तिथे चौदा जणांनी उत्तरं दिली. एक म्हणाला दोन, एक म्हणाला तीन, एकाने चार पानं लिहून शेवटी म्हटलं, 'हे प्रत्येकाच्या गाडीवर अवलंबून आहे.' धन्यवाद! सगळं कळलं, पण अंश किती?

शर्यत एका आठवड्यावर. रविवारी दुपारी ही बसली आपली गाडीजवळ, घरच्याच मैदानात. गायकरांचं ते मैदान लग्नाला भाड्याने देतात, खाली गुळगुळीत काँक्रीट. पाना हातात, तोंड एवढंसं. तिकडून आला काळुराम, तिचा आजा. वय ब्याऐंशी, तरुणपणी मिठागरातून बैलगाडीने मीठ ओढलेलं. काठी टेकत आला, चाकाकडे बघितलं, म्हणाला, "काय झालं गो?"

आता आज्याला काय सांगणार? पण ती एवढी वैतागलेली, सगळं सांगून टाकलं. नयनचे सहा, सूरजचा शून्य, बाबांची अट. "आजा, तूच सांग. अंश किती?"

"माना अंश काय म्हायत?" म्हातारा म्हणाला. "माझी गारी भरली का चाक वाकरा व्हायचा. मी काय करायचो? चिखलानं गारी न्यायचो न् उतरून ठसा बघायचो. आतली नायतर भायेरची कर खोल गेली तर समजायचा, भार तिकरं हाय. सगल्यांना इचारलास, चाकाला इचारलास का?"

आणि निघून गेला, चहाची वेळ झालेली!

तुम्हाला सांगतो, कृतिकाने हातातला पाना खाली टाकला. मग उठली ती थेट घरात, रांगोळीच्या डब्यामागचा खडू घेऊन आली. चिखल नाही तर नाही! चारही टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड पांढरे पट्टे ओढले. मैदानात सरळ गेली, वळली, आठाचा आकडा काढला, उतरून बघते तर आतला खडू साफ, बाहेरचा जसाच्या तसा! म्हणजे झुकाव जास्त. पान्याने बोल्ट ढिला केला, मोबाइल चाकाला टेकवून कोन बघितला, कमी केला. पुन्हा खडू, पुन्हा फेरी. आता बाहेरची कड पार टायरच्या खांद्यापर्यंत पुसलेली. म्हणजे फारच कमी. पुन्हा बोल्ट! अकरा फेऱ्या, खडूच्या दोन कांड्या, कपाळावर पांढरा फराटा... आणि बाराव्या फेरीला पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा पुसलेला! मोबाइल बघितला. मायनस पावणेदोन.

पावणेदोन! ना सहा, ना शून्य, ना इंटरनेटचे दोन. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघायला सूरजकडे गेली. स्क्रीन लाल. तो म्हणाला, "सारख्या आहेत मॅडम," आणि तोंड फिरवून बसला.

शर्यतीच्या सकाळी शिवरामही आला, कुंपणाला टेकून, हाताची घडी. कृतिका निघाली. पहिलं वळण, दुसरं... तिसरं आलं, तुम्हाला सांगतो, शिवरामने डोळेच मिटले! टायर किंचाळले, गाडी कलली, आणि चाक रस्त्याला असं चिकटलं की शंकू नुसता वाऱ्याने हलला. उभाच राहिला! सगळेच शंकू उभे राहिले! बावीस गाड्यांत चौथी. पदक नाही, काही नाही, पण गाडीतून उतरली तेव्हा हिच्या तोंडभर हसू.

शिवराम कुंपण सोडून तडक गाडीकडे आला. पँट सांभाळत सरळ डांबरावर आडवा झाला, मागच्या टायरच्या आत हात घातला. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं. उठला, हात झटकले. "सारखा आहे," म्हणाला. मग जरा इकडेतिकडे बघितलं. "हेल्मेट दे. मैदान मोकळं झालंय, एक फेरी मारतो. ब्रेक नीट आहेत का ते बघायला हो, बाकी काही नाही."

एक म्हणता म्हणता सहा फेऱ्या मारल्या! तिसऱ्या वळणाला आतून असा ओरडला की माइकवाल्याने माइक खाली ठेवला.

तर गाडी काही विकली नाही. टायर मस्त आहेत, मुलगी खूश आहे, पुढच्या महिन्याच्या शर्यतीसाठी गायकरांच्या घरातून दोन नावं गेलीत. फक्त तोवर सराव पाहिजे म्हणून दर रविवारी बाबा गाडी घेऊन जातात... आणि कृतिका ठाण्याला मैत्रिणीकडे जाते, रिक्षाने.