सासूबाईंचा खोकला

बिशान उपनगरातल्या क्लिनिकात माझ्या मागच्या बाकावर एक सासूबाई खोकत होत्या. मुलगा पाणी आणायला उठला, तशा त्या सुनेकडे सरकल्या.

“अनघा, मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी कच्च्या खेकड्याचं का विचारलं गं?”

“कच्च्या खेकड्यातून फुफ्फुसात कृमी जातात म्हणे, आई. फार क्वचित. पण सारंगनं सांगितलं ना, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.”

“ते त्याचं घर. मी अलिबागची आहे.”

“आई! खाल्लात?”

“खालच्या मजल्यावरच्या चिनी लिम आजी देतात. सोया सॉसमध्ये मुरवलेला. अगदी लोणच्यासारखा लागतो.”

“मग आत गेल्यावर खरं सांगा! नाहीतर भलतीच औषधं देत बसतील.”

“सांगते गं. पण सारंगसमोर नको. माझ्यासाठी वेगळा तवा आणलाय त्यानं, कांद्याचासुद्धा वास नको म्हणून.”

“पण कच्चा कशाला, आई? शिजवून तरी खायचात!”

“शिजवला असता तर घरभर घमघमाट सुटला असता. त्याला कळलं नसतं?”

“आई, हे घे पाणी. चला, आपला नंबर आला.”

“सारंग, तू बस इथंच. आम्ही दोघी जातो. बायकांचं आहे.”

“खोकला बायकांचा?”