परातीतलं पीठ

नाशिकच्या स्टँडवर घोटीच्या बससाठी उभा होतो. पुढे सासू आणि सून बोलत होत्या.

"मोहिनी, भाकरीआधी परातीतल्या पिठात बोटानं काय करत असतीस गं?"

"लिहिते, आत्याबाई. मनात येईल ते. मग पाणी घालून मळून टाकते."

"माझ्यावर पण लिहितीस?"

"कधी कधी."

"आन् मी तीच भाकर मिटक्या मारत खाते! लय शिव्या गेल्या म्हनायच्या पोटात."

"शिव्या नाय हो. जास्त करून ह्यांनाच लिहिते. मला टाकून का गेलात, म्हणून."

"दत्तू वारला तेव्हा तू रडली नाय, म्हणून मी गावभर बोलले."

"लिहिताना रडते. मग उठून कामाला लागता येतं."

"मला तर अजून रडूच येत नाय, पोरी. पोटचा पोरगा गेला, तरी नाय."

"मग तुम्ही पण लिहा."

"मला कुठं येतंय?"

"हात द्या इकडं. त्यांचं नाव शिकवते. हा बघा, द."

"हळू काढ... आजून एकदा."

"द. आत्याबाई, डोळे पुसा. बस लागली."

"जाऊ दे तिला. तू पुढचं अक्षर काढ."